बाईला हसायचं, की बाईसोबत हसायचं?

आज आपण सिनेमातल्या विनोदी बायकांविषयी बोलणार आहोत. ही गोष्ट जुनी आहे, पण सुरुवात करू ताज्या आठवणीपासून.

2023 चा जुलै महिना. ‘बाईपण भारी देवा’ 30 जूनला लागला होता आणि गावोगावच्या बायका नऊवारी नेसून, नथ घालून, जथ्यानं थेटरात जात होत्या. आमच्या गटानंही ठरवलं. महिन्याची बचत भरून झाली, हिशोबाची वही मिटली आणि आम्ही चौदा जणी वडापनं तालुक्याला निघालो. आमच्यातल्या सहा जणींनी थेटर आतून पाहिलंच नव्हतं. पडद्यावर वंदना गुप्ते बोलायला लागल्या आणि आमची सगळ्यांत थोरली मावशी जोरात हसली. हसली आणि लगेच पदर तोंडावर घेतला. शेजारची म्हणाली, “मावशे, इथं कोण बघतंय? हस की!” मग मावशी जी हसायला लागली, ती सिनेमा संपेपर्यंत.

परत येताना गाडीत विषय निघाला. सत्तर वर्षांच्या बाईला अंधारातसुद्धा तोंड झाकून का हसावंसं वाटतं? लहानपणापासून आपण ऐकलंय, बाईच्या जातीनं फिदीफिदी हसू नये, दात दाखवू नयेत. ज्या समाजात बाईनं हसणंच वाईट, तिथं बाईनं लोकांना हसवायचं म्हणजे केवढं धाडस! ते कुणी केलं, कसं केलं, याचा शोध आम्ही घेतला. तोच आज तुम्हाला सांगतोय.

आपल्या सिनेमाची सुरुवात दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून धरतात. मुंबईत गिरगावात 3 मे 1913 ला तो लोकांसमोर आला. त्या सिनेमात राणी तारामती झाली कोण? अण्णा साळुंके नावाचे पुरुष. ते एका खानावळीत कामाला होते. बायकांनी सिनेमात काम करणं इतकं हलकं मानत की फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळालीच नाही. पुढं 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघांचीही कामं केली. गंमत बघा, पडद्यावर बाई नव्हती, पण पडद्यामागं होती. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्याची औषधं कालवायच्या, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करायच्या. हे वाचलं तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, “म्हणजे तेव्हापासून आपलं काम मोजलं गेलं नाही.”

त्याच 1913 साली फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी झाली. या मायलेकींपासून बाई पडद्यावर आली.

बाई पडद्यावर आली, पण हसवण्याचं काम बराच काळ बाईच्या वेशातल्या पुरुषाकडेच राहिलं. आपल्या तमाशात गवळण लागली की लुगडं नेसून मावशी येते. ती मावशी पुरुषच. ‘मोरूची मावशी’ नाटकात विजय चव्हाणांनी मावशी होऊन अख्ख्या महाराष्ट्राला हसवलं. 1988 चा ‘अशी ही बनवाबनवी’ आपल्याला तोंडपाठ आहे. त्यात चार-चार नायिका आहेत, पण हसू येतं ते लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन यांच्या साडीतल्या सोंगाला. आम्हीही हसतो, आजही हसतो. फक्त एवढंच मनात येतं, की बाई होण्याची गंमत पुरुषानं केली तर ती कला, आणि बाईनं स्वतः गंमत केली तर तो आगाऊपणा, असं का?

आगाऊपणा करणाऱ्या बायका तेव्हाही होत्याच. आचार्य अत्र्यांनी लिहिलेला ‘ब्रह्मचारी’ 1938 साली आला. लग्नच करायचं नाही म्हणून हटून बसलेल्या पुरुषाला मीनाक्षी शिरोडकरांची नायिका वठणीवर आणते. त्यात त्या पोहण्याच्या पोशाखात दिसल्या म्हणून केवढा गहजब झाला. लोकांना पोशाख तेवढा लक्षात राहिला, त्यांची खट्याळ कामगिरी मागं पडली.

मग टुणटुण. हे नाव ऐकलं नाही अशी आपल्यात कुणी नसेल. तिचं खरं नाव उमादेवी. जन्म 1923 चा, उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यातला. लहानपणीच आई-वडील गेले, नातेवाइकांच्या घरी वाढली. गाण्याच्या वेडापायी एकटी मुंबईला आली आणि संगीतकार नौशाद यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. 1947 च्या ‘दर्द’ सिनेमातलं तिचं गाणं देशभर वाजलं. म्हणजे ती आधी गायिका होती! पुढं गाण्याची कामं कमी झाली, तेव्हा 1950 च्या ‘बाबुल’पासून ती पडद्यावर आली आणि टुणटुण झाली. गुरुदत्तच्या ‘आर पार’, ‘मिस्टर अँड मिसेस 55’, ‘प्यासा’मध्ये ती आहे. हिंदी सिनेमातली पहिली विनोदी नटी म्हणून तिचं नाव घेतात. पण पुष्कळ सिनेमांत तिला काम एकच, ते म्हणजे जाड असणं. ती खुर्चीत बसणार, खुर्ची मोडणार, आणि लोक हसणार.

इथं आम्हाला एक कबुली द्यायची आहे. आमच्या गटातल्या एकीला आम्ही वर्षानुवर्षं ‘टुणटुण’ म्हणत होतो. प्रेमानंच म्हणायचो, निदान आम्हाला तसं वाटायचं. पंचमीला ती कधी फुगडीला उतरायची नाही. आम्ही समजायचो, तिला आवड नाही. या भाषणाची तयारी करताना ती पहिल्यांदा बोलली. “शाळेत असल्यापासून मला हे नाव आहे. फुगडीला उभी राहिले की पोरी म्हणायच्या, जमीन हलेल. म्हणून सोडलं.” आमच्यात कुणाला काही बोलता आलं नाही. जिच्या गळ्यात देश डोलवणारं गाणं होतं तिचं नाव आपण शिवीसारखं वापरत होतो, आणि आपल्याच मैत्रिणीचा खेळ बंद पाडत होतो.

सगळ्याच विनोदी बायका अशा साच्यात बसल्या नाहीत. शुभा खोटे सायकल आणि पोहण्याच्या स्पर्धा जिंकणारी मुलगी. 1955 च्या ‘सीमा’मध्ये चोराचा सायकलवरून पाठलाग करत ती सिनेमात आली, आणि पुढं मेहमूदबरोबर तिची जोडी जमली. तिकडे तमिळमध्ये मनोरमा होत्या. त्यांनी हजाराहून जास्त सिनेमे केले, गिनीज बुकात नाव गेलं, 2002 मध्ये पद्मश्री मिळाली. लोक त्यांना मानानं ‘आच्ची’ म्हणायचे. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याच्या ललिता पवार दुष्ट सासू म्हणून गाजल्या खऱ्या. पण ‘श्री 420’मधली केळीवाली आणि ‘अनाडी’तली मिसेस डिसा बघा. वरून कडक आणि आतून मऊ अशी बाई दाखवून त्यांनी हसवलं आणि रडवलंही.

मराठीत 1971 च्या ‘सोंगाड्या’पासून दादा कोंडक्यांबरोबर उषा चव्हाण आल्या. दादांच्या समोर उभं राहून शब्दाला शब्द देणं सोपं नव्हतं. दयाताई डोंगरे यांनी सासूचा तोरा असा काही दाखवला की सासवासुद्धा हसल्या. आणि आमची सगळ्यांत लाडकी रंजना. 1977 च्या ‘चानी’त ती रडवते, तर ‘गुपचूप गुपचूप’ आणि ‘बिनकामाचा नवरा’मध्ये हसवते. अशोक सराफांच्या बरोबरीनं ती विनोद करायची. तिला हसवण्यासाठी जाड, कुरूप किंवा वेंधळी व्हावं लागलं नाही. 1987 मध्ये मोठा अपघात झाला आणि ती चाकाच्या खुर्चीला खिळली. तरी ती नाटकात उभी... नव्हे, खुर्चीत बसून कामाला आली. 2000 साली ती गेली. तिची जागा पुढं कितीतरी वर्षं रिकामी राहिली असं आम्हाला वाटतं.

आता अलीकडच्या सिनेमांविषयी आमचं मत सांगतो. 2021 च्या ‘झिम्मा’त सात बायका इंग्लंडच्या सहलीला जातात. त्यातली निर्मिती सावंत यांची निर्मला कोंडे-पाटील आम्हाला आपल्यातली वाटली. आपण तिच्या धांदलीला हसतो, पण तिचा पाणउतारा होत नाही. ‘बाईपण भारी देवा’मध्ये सहा बहिणी एकमेकींशी तुटलेल्या, आणि मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. गुडघेदुखी, पाळी जाणं, नवऱ्याचा रुसवा, सगळ्याची गंमत होते. ती गोष्ट वैशाली नाईक या बाईनं लिहिलेली आहे. 2024 च्या ‘नाच गं घुमा’त मुक्ता बर्वेंची राणी आणि तिच्या घरी काम करणारी नम्रता संभेराव यांची आशाताई. आशाताईला रोज उशीर होतो, राणी चिडते. पण हळूहळू कळतं की एकीचं घर दुसरीच्या पायांवर चालतंय. त्याच्या लिखाणातही मधुगंधा कुलकर्णी आहेत. बाई लिहायला बसली की विनोदाचं तोंड फिरतं, असं आम्हाला दिसलं.

सगळंच गोड नाही. यांतली बरीच घरं शहरातली आहेत. खुरपायला जाणारी, ऊस तोडणारी, रोजगार हमीवर जाणारी बाई पडद्यावर आली तर अजून रडतच येते. तिच्या बांधावरच्या गप्पा किती हसवणाऱ्या असतात, ते अजून कुणी दाखवलं नाही. मंगळागौरसुद्धा आपल्या सगळ्यांच्या घरात नव्हती. आपल्याकडे होते पंचमीचे फेर, गौरी जागवतानाचे झिम्मा-फुगडी, हादगा. त्या गाण्यांत सासूची टर उडवणं होतं, नवऱ्याची नक्कल होती. एखादी डोक्याला टॉवेल बांधून सासरा व्हायची आणि बाकीच्या लोळून हसायच्या. म्हणजे सिनेमा यायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे विनोदी नट्या होत्या. फक्त त्यांना तिकीट नव्हतं, आणि पुरुष माणूस आला की खेळ थांबायचा.

म्हणून आमच्या गटानं दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, कुठलाही विनोदी सिनेमा किंवा टीव्हीवरचा कार्यक्रम बघितला की बैठकीत विचारायचं: यात आपण कुणाला हसलो? तिच्या अंगाला, रंगाला, गरिबीला हसलो, की तिच्या हुशारीला दाद दिली? दुसरी, या पंचमीला फेर धरताना एकही बाई कडेला बसणार नाही. नवरा नसलेलीही नाही, वय झालेलीही नाही.

ते नाव आम्ही सोडलंय. कधीमधी सवयीनं तोंडात येतं, तेव्हा एकमेकींना टोकतो. परवा सरावाला आमची ती मैत्रीण फुगडीला उतरली. तिच्यासमोर उभी राहिलेली धापा टाकत म्हणाली, “बाई, हळू, माझा हात निसटतोय!” सगळ्या हसल्या, तीही हसली. मावशी तर सर्वांत मोठ्यानं हसली, आणि तिचा पदर खांद्यावरच होता.

तुमच्या गावात लोकांना हसवणारी बाई कोण, तिची गोष्ट आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात ऐकवू.