अंगठ्याचा फोकस

नांदूरमध्यमेश्वरला पक्षी टिपायला जाणारे नवे फोटोग्राफर एकमेकांना एक युक्ती मोठ्या कौतुकाने सांगतात: शटरच्या बटणावरचा फोकस काढून टाक आणि तो कॅमेऱ्याच्या पाठीवर, अंगठ्याखाली घे. याला बॅक बटण फोकस म्हणतात. ऐकणाऱ्याला ही डिजिटल जमान्याची करामत वाटते. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. फोटोग्राफीच्या बहुतेक सगळ्या इतिहासात फोकस साधणे आणि फोटो घेणे ही दोन वेगळीच कामे होती. ती एका बोटाखाली आली ती अगदी अलीकडे.

नाशिककरांना दादासाहेब फाळके चित्रपटामुळे आठवतात. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. पण 1870 साली त्र्यंबकेश्वरात जन्मलेला हा माणूस चित्रपटाच्या आधी फोटोग्राफर होता, गोध्र्याला त्यांनी स्टुडिओही चालवला होता. त्या काळच्या प्लेट कॅमेऱ्यात फोटोग्राफर डोक्यावर काळे कापड घेऊन मागच्या दुधी काचेवर उलटी प्रतिमा पाहायचा आणि भाता मागेपुढे करून ती स्पष्ट करायचा. मग काचेच्या जागी प्लेट सरकवायची, आणि त्यानंतर शटर. प्लेट बसली की प्रतिमा दिसणेच बंद! म्हणजे फोकस आधी पक्का करून त्यावर भरवसा ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे 1912 मध्ये फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तो हाताने फिरवायचा. फोकसची सोय तिथेही वेगळी, हँडल वेगळे. हा कॅमेरा चालवायला त्यांनी आपले त्र्यंबकचे मित्र तेलंग यांना शिकवले, आणि 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' त्यांनीच टिपला.

रिळाचे कॅमेरे आले तरी हीच वाटणी राहिली. जुन्या नाशकातल्या स्टुडिओवाल्यांनी निकाह असो की लग्न, डाव्या हाताने लेन्सची रिंग फिरवली आणि उजव्या हाताने बटण दाबले. दोन हात, दोन निर्णय.

एसएलआर कॅमेऱ्यांत ही वाटणी खऱ्या अर्थाने मोडली ती 1985 मध्ये. मिनोल्टा 7000 या कॅमेऱ्याने फोकसची मोटर थेट कॅमेऱ्यात घातली, बटण अर्धे दाबले की फोकस, पूर्ण दाबले की फोटो. 1987 मध्ये कॅननने ईओएस 650 काढला. सोय मोठीच होती, नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक वेळी बोट उचलून पुन्हा दाबले की यंत्र नव्याने फोकस शोधू लागे. रामकुंडावर कुंभाच्या गर्दीत तुम्ही एका चेहऱ्यावर फोकस धरला आहे आणि नेमका कोणाचा तरी खांदा मध्ये आला, तर यंत्र बिनदिक्कत खांदा निवडते.

तक्रार लवकरच पोचली असावी, कारण अवघ्या दोन वर्षांत, 1989 च्या ईओएस 630 मध्ये, कॅननने फोकस शटरपासून तोडून पाठीवरच्या बटणाला जोडण्याची मुभा दिली. तेव्हा डिजिटल कॅमेरे सर्वसामान्यांच्या हाती आले नव्हते, रीळ होते. पुढे वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्यांवर 'एएफ-ऑन' नावाचे स्वतंत्र बटणच आले.

याचा खरा फायदा सतत फोकसच्या मोडमध्ये कळतो. शेकाट्या पाण्यात उभा आहे: अंगठा दाबा, फोकस बसला की उचला. आता चौकट हलवा, पुढे पाणकणीस डुलू द्या, फोकस जागचा हलत नाही. पक्षी उडाला की अंगठा दाबून ठेवा, यंत्र त्याचा पाठलाग करते, आणि तर्जनी हवे तेव्हा फोटो घेते. मोड बदलण्यात वेळ जात नाही. पक्षी थांबणार की उडणार हे यंत्राला कळत नाही, अंगठ्याला कळते. सवय व्हायला मात्र आठवडाभर लागतो, आणि पहिले दोन दिवस चिडचिड होते.

सेटिंग सोपे आहे. मेनूत जाऊन शटरच्या बटणाला फक्त प्रकाशमापनाचे काम द्यायचे आणि फोकस मागच्या बटणाला. लग्नघरात कॅमेरा एखाद्या मामांच्या किंवा चाचांच्या हाती देण्यापूर्वी तेवढे पूर्ववत करा. ते बिचारे वरचे बटण दाबत राहतील, फोटो निघत राहतील, आणि अख्खे कुटुंब धूसर येईल.