उदाहरण आणि न्यास : शाब्दिक गणिताच्या अध्यापनातील एक विसरलेला टप्पा

प्राथमिक शाळेतील मुलाला ४८ ला ६ ने भागावयास सांगितले तर तो ते अचूक करतो; परंतु तोच भागाकार चार ओळींच्या उदाहरणातून आला की तो थबकतो आणि 'यात गुणायचे की भागायचे?' असे विचारतो. हा अनुभव शिक्षकांना व पालकांना नवा नाही. मुलाच्या या प्रश्नावर 'उदाहरण नीट वाच' एवढेच उत्तर बहुधा मिळते. नीट वाचणे म्हणजे नेमके काय करणे, याचा उलगडा होत नाही. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असून गणिताच्या अध्यापनात त्याचा अधिकार नाही. तथापि अडचण जर वाक्यात असेल, तर तिचा विचार भाषेच्या अभ्यासकानेही करणे उचित होय. आपल्याकडील गणिताच्या इतिहासात डोकावले असता असे दिसते की, शब्दांत सांगितलेले उदाहरण आणि प्रत्यक्ष क्रिया यांच्यामध्ये पूर्वी एक स्वतंत्र टप्पा मानलेला होता. त्याचे नाव 'न्यास'.

आर्यभटीयावर इ. स. ६२९ मध्ये भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्कराने उदाहरणे एका ठरावीक क्रमाने मांडली आहेत. प्रथम उद्देशक, म्हणजे शब्दांत सांगितलेले उदाहरण. नंतर न्यास, म्हणजे त्यातील संख्यांची मांडणी. आणि त्यानंतर करण, म्हणजे क्रिया. पेशावरजवळील बख्शाली येथे १८८१ मध्ये सापडलेल्या हस्तलिखितातही उदाहरण, मांडणी, क्रिया आणि ताळा असा क्रम आढळतो. दुसऱ्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (शके १०७२, इ. स. ११५०) हीच परंपरा पुढे चाललेली दिसते. तेथे श्लोकबद्ध उदाहरण संपताच 'न्यासः' असा शब्द येतो आणि त्यापुढे केवळ संख्या.

या न्यासाचे कार्य काय, हे त्रैराशिकाच्या एका प्रसिद्ध उदाहरणावरून ध्यानात येईल. अडीच पल केशर तीन सप्तमांश निष्काला मिळते, तर नऊ निष्कांना किती मिळेल, असे तेथे व्यापाऱ्याला विचारले आहे. श्लोकात केशराचे वजन आधी आणि किंमत नंतर आली आहे. न्यासात मात्र हा क्रम पालटतो : आधी तीन सप्तमांश, मध्ये अडीच, शेवटी नऊ. पहिली संख्या 'प्रमाण', मधली 'फल' आणि शेवटची 'इच्छा'. प्रमाण व इच्छा एकाच जातीची, येथे दोन्ही निष्क. फल निराळ्या जातीचे. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की साडेबावन्न पल हे उत्तर येते. अर्थात्, न्यास ही वाक्याची नक्कल नव्हे. प्रत्येक संख्येची भूमिका ओळखून तिला तिच्या जागी बसविणे, म्हणजे एक प्रकारे वाक्याचे पृथक्करणच, न्यासात घडते. गुणावयाचे की भागावयाचे, हा प्रश्न त्यानंतर फारसा उरत नाही.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला. त्याची माहिती देणारा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. पण पाटणच्या बाजारातील मालावरच्या उत्पन्नाचा अंश मठाला दिल्याची नोंद मात्र मराठीत आहे. एकाच शिळेवर शास्त्र संस्कृतात आणि बाजाराचा हिशेब मराठीत, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय होय. सामान्य मुलाचे गणित पुढील कित्येक शतके या दुसऱ्या भाषेत घडले.

पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अंक गिरवून घेत आणि सायंकाळी परवचा म्हणवून घेत. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी ही अपूर्णांकांची कोष्टके मुखोद्गत असत. त्यांच्या नावांत जुनी गणनपद्धती टिकून राहिली आहे. 'अडीच' हा शब्द अर्धतृतीय, म्हणजे 'तिसरा अर्धा', यापासून आला. 'औट' हा अर्धचतुर्थ, म्हणजे 'चौथा अर्धा', यापासून. हे पाठांतर यांत्रिक होते, हा त्यावरील आक्षेप खरा आहे. परंतु ज्या हिशेबासाठी ते होते, त्याची भाषा पाहण्याजोगी आहे. 'रुपयाला चार शेर, तर पाऊण रुपयाचे किती?' हे बाजारी वाक्य घ्यावे. रुपया हे प्रमाण, चार शेर हे फल, पाऊण रुपया ही इच्छा. ज्या क्रमासाठी संस्कृत श्लोकाला वेगळा न्यास करावा लागला, तो क्रम या वाक्यात आपोआप आला आहे. शिवाय माल आणि नाणे समोर असल्याने कोणती संख्या कशाची, याविषयी संदेहच नसे.

ही स्थिती छापील पुस्तकांनी पालटली. १८२० नंतरच्या दशकात मुंबईच्या स्कूल बुक सोसायटीसाठी कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी इंग्रजी ग्रंथांच्या आधारे मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या विद्वानांनी ते कार्य चालविले. या ग्रंथकारांचे ऋण मोठे आहे. तथापि छापील उदाहरण म्हणजे समोर नसलेला प्रसंग एकट्याने वाचून उभा करणे. हे काम मुलाच्या अंगावर नव्याने पडले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि त्यानंतर वजनमापेही बदलली. चार आणे म्हणजे पाव रुपया, बारा आणे म्हणजे पाऊण, हा नाण्यांचा व शब्दांचा मेळ सुटला आणि पावकी-औटकीचे प्रयोजनही क्षीण झाले. हा बदल आवश्यकच होता. परंतु तोंडी हिशेबाच्या वाक्याने जो आधार दिला होता, त्याच्या जागी दुसरा आधार द्यावयास हवा, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

मराठी वाक्य मुलाला कोठे अडविते, याचा एक नमुना पाहू. 'सुमनजवळ १७ बोरे आहेत. ती कमलच्या बोरांपेक्षा ५ ने जास्त आहेत. तर कमलजवळ किती बोरे आहेत?' शेजारच्या चौथीतील एका मुलीने याचे उत्तर २२ असे दिले. तिची बेरीज चुकली नव्हती. दुसऱ्या वाक्यातील 'ती' म्हणजे कोण, असे विचारता ती म्हणाली, 'कमल.' 'ती' हे रूप स्त्रीलिंगी एकवचनाचे आहे, तसेच नपुंसकलिंगी अनेकवचनाचेही आहे. येथे ते बोरांसाठी आले आहे. 'आहेत' या क्रियापदावरून प्रौढ वाचकाला हे कळते, मुलाला कळेलच असे नाही. 'ने' या प्रत्ययाचेही तसेच. 'सुमनने दिली' येथे तो कर्ता दाखवितो, '५ ने भागा' येथे साधन आणि '५ ने जास्त' येथे फरक. त्यात 'जास्त' हा शब्द दिसला की बेरीज, ही शिकवणी पाठ असली म्हणजे २२ हे उत्तर जवळजवळ अटळ होते.

शब्दावरून क्रिया ओळखण्याची ही युक्ती आजही पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. 'मिळून' म्हणजे बेरीज, 'उरले' म्हणजे वजाबाकी, 'प्रत्येकी' म्हणजे भागाकार. परंतु '५ मुलांना प्रत्येकी ४ पेरू दिले' येथे गुणाकार आहे आणि '२० पेरू ५ मुलांना सारखे वाटले, तर प्रत्येकी किती?' येथे भागाकार. '१५ पेढे वाटून ७ उरले, तर आधी किती होते?' येथे 'उरले' असूनही बेरीज करावी लागते. शब्द तोच, त्याची वाक्यातील भूमिका निराळी.

अडचण संख्येची नसून वाक्याची असते, याला अमेरिकन संशोधक हडसन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने बळकटी मिळते. पक्षी व अळ्या यांचे चित्र दाखवून 'अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त?' असे विचारता पहिलीतील ६४ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले. 'प्रत्येक पक्षी अळी घ्यावयास धावला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?' असे विचारताच सर्वच्या सर्व मुलांचे उत्तर बरोबर आले. चित्र तेच आणि वजाबाकीही तीच होती.

तेव्हा मुलाला साहाय्य करावयाचे ते न्यासाच्या टप्प्यावर, असे सुचवावेसे वाटते. वरील उदाहरणात क्रियेचे नाव न काढता मुलाकडून एवढेच लिहून घ्यावे : सुमन, १७, कमल, माहीत नाही, फरक, ५, जास्त कोणाजवळ, सुमनजवळ. त्या मुलीने असे लिहिले आणि कोणी न सांगता १२ हे उत्तर काढले; १२ त ५ मिळवून ताळाही पाहिला. दुसरे उदाहरण : '६ वह्यांना ९० रुपये पडतात, तर १५० रुपयांत किती वह्या येतील?' वाक्याच्या क्रमाने जाणारे मूल ६ पासून आरंभ करून गोंधळते. विचारणा रुपयांवरून आहे, म्हणून न्यास असा : रुपये ९०, वह्या ६, रुपये १५०. उत्तर १० वह्या. केशराच्या उदाहरणातही हीच अदलाबदल होती.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणिताच्या भाषेविषयी समाज उदासीन नाही, हे त्यावरून दिसले. मात्र चर्चेचा भर संख्यानामांवर राहिला. संख्या ज्या वाक्यात गुंफलेली असते, त्या वाक्याचा विचार अद्याप व्हावयाचा आहे. पाठ्यपुस्तकात प्रत्येक शाब्दिक उदाहरणाखाली न्यासासाठी दोन ओळी कोऱ्या सोडल्या आणि शिक्षकांनी उत्तराइतकेच त्या ओळींनाही गुण दिले, तर 'नीट वाच' या सांगण्याला निश्चित अर्थ येईल.