ऑपरेशनच्या खोलीतलं गाणं कुणाचं?

सकाळी हॉस्पिटलात जायचं, ऑपरेशन करून घ्यायचं आणि संध्याकाळी घरी येऊन वरणभात खायचा, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांनी इथे घेतला असेल. गेल्या वर्षी माझ्या हाताचं असंच छोटं ऑपरेशन झालं. फक्त हात बधिर करणार होते, त्यामुळे मी टक्क जागी. माझी धडधड पाहून नर्सने कानांवर हेडफोन चढवले. आत संथ पियानो. वाईट नव्हता, पण माझाही नव्हता. घरी आल्यावर मी शोधू लागले: ऑपरेशनच्या खोलीत गाणं आणलं कुणी?

ही गोष्ट आपल्याला पेनसिल्व्हेनियातल्या केन नावाच्या छोट्या गावात नेते. तिथले सर्जन डॉ. इव्हान ओनील केन यांनी १९१४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये लिहिलं, की रुग्णाचं मन भीतीवरून हटावं म्हणून ते ऑपरेशनच्या वेळी फोनोग्राफ लावतात. ईथरची भूल १८४६ पासून ठाऊक होती. पण प्रत्येक वेळी ती कशाला, असं केन यांचं मत. १९२१ साली, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी तेवढाच भाग बधिर करून स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच काढून दाखवलं! रुग्ण जागा असेल तर त्याच्या कानांचाही विचार करायला हवा, हे फोनोग्राफमागचं साधं तर्कशास्त्र. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाला मात्र कोण आवड विचारणार? तिथे गाणं लागलं तर ते सर्जनच्या पसंतीचं.

त्याच सुमारास ग्लासगोत डॉ. जेम्स निकोल मुलांना ऑपरेशननंतर त्याच दिवशी घरी पाठवत होते. १९०९ साली त्यांनी अशा जवळपास ९,००० ऑपरेशनांची माहिती छापली. पुढे १९७० साली फीनिक्समध्ये रीड आणि फोर्ड या दोन भूलतज्ज्ञांनी फक्त अशा ऑपरेशनांसाठी स्वतंत्र केंद्र काढलं. रुग्णाला संध्याकाळी घरी जायचं, म्हणजे गुंगीचं औषध जितकं कमी तितकं बरं. गाण्याला पुन्हा काम मिळालं.

२०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये सत्तरहून अधिक चाचण्यांचा एकत्र आढावा आला: संगीताने ऑपरेशननंतरची वेदना आणि चिंता, दोन्ही कमी होतात. २०१९ साली केन यांच्याच पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाला, हात-पाय बधिर करण्याआधी १५७ रुग्णांपैकी काहींना मिडॅझोलॅम दिलं, काहींना संगीत ऐकवलं. चिंता दोन्हीकडे सारखीच उतरली. तरी समाधानी जास्त होते ते औषधवाले, आणि हेडफोनमुळे डॉक्टरांशी बोलणं अवघड गेलं. शिवाय ते संगीत निवडलं होतं संशोधकांनी, रुग्णांनी नव्हे.

मला खटकलं ते हेच. त्या दिवशी मी धीर करून हेडफोन काढले आणि विचारलं, "माझ्या फोनवरचं लावाल का?" नर्स लगेच हो म्हणाली. मग माणिक वर्मांचा आवाज आला, आमच्या स्वयंपाकघरात सकाळी असायचा तोच. हात त्यांच्या ताब्यात होता, पण कान माझे राहिले.

तुमची किंवा तुमच्या आईबाबांची वेळ आली, तर औषधांच्या यादीबरोबर गाण्यांचीही यादी करा. आवाज बेताचा ठेवा, डॉक्टरांचं बोलणं ऐकू यायला हवं. आणि आधीच विचारा. विचारल्याशिवाय पियानोच लागतो.