रात्रपाळी आणि दोन टोकांचा आजार

बायपोलर डिसऑर्डर, म्हणजेच द्विध्रुवीय मनोविकार, हा प्रामुख्याने तरुणपणी सुरू होणारा आजार आहे. पहिला झटका बहुधा पंधरा ते पंचवीस या वयात येतो. काही आठवडे किंवा महिने माणूस खोल औदासीन्यात जातो, आणि मग कधी तरी उलटे टोक येते. झोप दोन-तीन तासांवर येऊनही थकवा जाणवत नाही, बोलणे थांबत नाही, हातात पैसा टिकत नाही, आपल्याला काहीही जमेल अशी खात्री वाटू लागते. या दुसऱ्या अवस्थेला उन्माद म्हणतात. दोन झटक्यांच्या मधल्या काळात तोच माणूस पुष्कळदा अगदी पूर्वीसारखा वागतो, त्यामुळे हा आजार आहे यावर घरच्यांचा विश्वास बसत नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात या आजाराची कहाणी कारखान्यांच्या कहाणीत मिसळलेली आहे. आयटीआय किंवा बारावी झालेला अठरा-वीस वर्षांचा मुलगा इथे कामाला लागतो, आणि आजार अंगावर येण्याचे वयही नेमके तेच.

कारखाने येण्यापूर्वी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही शेतीवाडीची गावे होती, आणि चाकण ही खेड तालुक्यातली कांद्याच्या बाजाराची पेठ. उन्मादाची ओळख तशी जुनीच; चरकसंहितेत उन्मादावर स्वतंत्र अध्याय असून त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. पण गावातल्या घरापर्यंत ही विद्या पोचलेली नव्हती. तिथे ‘डोक्यावर परिणाम झाला’, ‘बाहेरचं लागलं’ अशा शब्दांवर भागत असे. मग देवऋषी, अंगारा, गाणगापूर किंवा नरसोबाच्या वाडीची वारी. यातले काही उपाय निरुपद्रवी होते. काहींत मारहाण आणि साखळदंड होते, आणि त्यांना कायद्याने गुन्हा ठरवायला महाराष्ट्राला २०१३ साल उजाडावे लागले. आणखी एक उपाय अजूनही सुचवला जातो, तो लग्नाचा. ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल.’ उन्माद मुळात काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आपोआपही ओसरतो. त्यामुळे मधल्या काळात जे काही केले असेल, मग तो अंगारा असो की लग्न, त्याला श्रेय मिळून जाते. हा आजार ज्या उपायांना यश मिळवून देतो त्यांची यादी म्हणूनच लांबलचक आहे.

सरकारी उपचाराचे एकच ठिकाण सगळ्यांना माहीत होते: येरवडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तिथे उभे राहिलेले मनोरुग्णालय पुढे अडीच हजार खाटांच्या घरात गेले. तुरुंगही त्याच गावात, त्यामुळे ‘याला येरवड्याला धाडा’ या वाक्याचा अर्थ कोणत्या फाटकातून, हे ऐकणाऱ्याने ताडायचे. थट्टेत फारसा अन्याय नव्हता. १९१२ चा भारतीय वेडेपणाचा कायदा चालू असेपर्यंत दाखल होण्याची नेहमीची वाट दंडाधिकाऱ्याच्या हुकमातून जात असे. वीस वर्षांच्या मुलाला तीन महिन्यांचा उन्माद झाला, तर तो बरा होऊन परत येईपर्यंत गावाने त्याची गणना कायमच्या वेड्यांत केलेली असे.

पिंपरीत आलेला पहिला मोठा कारखाना औषधांचा होता, आणि त्याचा उन्मादाशी एक विसरलेला संबंध आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, लोकांच्या तोंडी ‘एचए’, ही कंपनी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याआधीच्या काळात जगभरच्या मनोरुग्णालयांत उपदंशाने मेंदू पोखरलेले रुग्ण मोठ्या संख्येने असत. आपण राजे आहोत, अब्जाधीश आहोत असे सांगत फिरणारा, रात्रभर न झोपणारा हा रुग्ण पाहताक्षणी उन्मादाचाच वाटे. त्याच्यावर मुद्दाम हिवतापाचे जंतू टोचण्याचा उपाय करीत आणि त्या उपायाला १९२७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, यावरून त्या काळातली हतबलता लक्षात यावी. पेनिसिलिनने हा गट जवळजवळ नाहीसा केला. तरीही जो उन्माद उरला, तो जंतूंमुळे नव्हता. त्याच्यावर पिंपरीच्या कुपीचा इलाज चालणार नव्हता.

या उरलेल्या आजाराला जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये एका नावाखाली आणले होते. औदासीन्य आणि उन्माद हे दोन वेगळे रोग नसून एकाच रोगाची दोन रूपे आहेत, हे त्यांचे म्हणणे. ‘मॅनिक डिप्रेसिव्ह’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. ‘बायपोलर’ हा शब्द १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणातून सर्वत्र गेला. जुन्या नावाचा मुद्दा पुढे पगाराच्या प्रश्नात पुन्हा येईल.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडची जमीन झपाट्याने कारखान्यांखाली गेली. आकुर्डीत बजाज, पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्को, आणि त्यांच्या भोवती सुटे भाग करणारी भोसरीची शेकडो छोटी वर्कशॉप्स. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. १९८१ मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेली वस्ती २००१ मध्ये दहा लाखांवर आणि २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, सोलापूर, आणि पुढे उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेला हा तरुण लोंढा होता. ‘पोरगं पिंपरीला कंपनीत लागलं’ या वाक्याने गावाकडे सोयरिकी जुळत.

कंपनीबरोबर तीन पाळ्या आल्या. फर्स्ट, सेकंड आणि थर्ड. आठवडा बदलला की पाळी बदलायची. शेतातही रात्री पाणी द्यायला जावे लागे, पण सूर्य कुणी फिरवत नव्हते. या आजाराच्या बाबतीत हा बदल किरकोळ नाही. झोप कमी होणे हे उन्मादाचे लक्षण आहे, हे जुन्या वैद्यांनाही ठाऊक असणार. पण झोप कमी होणे हे त्याचे कारणही ठरू शकते, हे अमेरिकी संशोधक थॉमस वेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ठामपणे मांडले. प्रवास, बाळंतपण, भांडण, दुःख, परीक्षा अशा निरनिराळ्या धक्क्यांचा शेवटचा समान टप्पा म्हणजे हुकलेली झोप, असा त्यांचा मुद्दा होता. झोप हुकली की उन्माद भडकतो, उन्माद भडकला की झोप आणखी हुकते. रात्रपाळीने हा आजार निर्माण होतो असे म्हणता येत नाही, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. मात्र ज्याच्यात तो दडलेला आहे, त्याला दर आठवड्याला झोपेचे वेळापत्रक उलटे करायला लावणे म्हणजे कोरड्या गवताजवळ वेल्डिंग करण्यासारखे आहे. आणि सुरुवातीचा उन्माद शॉपमध्ये चटकन खटकतही नाही. दोन पाळ्या सलग ओढणारा, न थकणारा, हसतमुख पोरगा सुपरवायझरला आवडतोच.

औषध सापडले ते योगायोगाने. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये लिथियमचा क्षार उन्मादाच्या दहा रुग्णांना दिला आणि परिणाम प्रसिद्ध केले. डेन्मार्कच्या मोगेन्स शाउ यांनी १९५० च्या दशकात त्याची काटेकोर चाचणी घेतली. अमेरिकेत परवानगी मिळायला मात्र १९७० साल लागले. लिथियम निसर्गात सापडणारे स्वस्त द्रव्य, त्याच्यावर पेटंट नाही, म्हणून त्याची जाहिरात करण्यात कुणालाही रस नव्हता. त्यानंतर फेफऱ्याची म्हणून ओळखली जाणारी कार्बामाझेपिन आणि व्हॅल्प्रोएट ही औषधेही या आजारात वापरात आली. व्हॅल्प्रोएटने पोटातल्या गर्भाला अपाय होतो, त्यामुळे तरुण मुलींना ते देताना डॉक्टरांना फार जपावे लागते.

लिथियमची अडचण अशी की उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे. मूत्रपिंडे लिथियमला सोडियमसारखेच वागवतात. अंगातले मीठ-पाणी कमी झाले की मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवतात, त्याबरोबर लिथियमही धरतात, आणि रक्तातली पातळी चढते. हात थरथरणे, उलट्या, तोल जाणे ही त्याची चिन्हे. भोसरीच्या फाउंड्रीत किंवा हीट ट्रीटमेंटच्या भट्टीपुढे उन्हाळ्यात आठ तास घाम गाळणाऱ्यासाठी ही पुस्तकी सूचना राहत नाही. कंबरदुखीवर मेडिकलमधून सहज घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळीही पातळी वाढवते. योग्य मात्रेतही हाताला बारीक कंप येऊ शकतो, आणि लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचे काम करणाऱ्याला तो परवडत नाही. गोळी सोडून देण्यामागे दर वेळी अडाणीपणाच असतो असे नाही.

कामगाराच्या पगाराचे काय, याचे उत्तर कागदावर फार आधीपासून आहे. राज्य कामगार विमा कायदा १९४८ चा. चिंचवडच्या मोहननगरात या योजनेचे रुग्णालयही आहे. साध्या आजारात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यापुढे दीर्घ आजारांची ३४ नावांची एक यादी आहे आणि त्या आजारांना ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. यादीत क्षय आहे, कर्करोग आहे, आणि मानसिक आजारांत स्किझोफ्रेनियाबरोबर ‘मॅनिक डिप्रेसिव्ह सायकोसिस’ हे क्रेपेलिनच्या घराण्यातले नावही आहे. केस पेपरवर डॉक्टर ‘बायपोलर’ लिहितात, यादीत दुसरेच नाव. दोन्ही एकच, हे माहीत असले तर काम होते.

खरा अडथळा नावाचा नाही. दीर्घ लाभासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि त्या काळातल्या चार अंशदान-कालखंडांत किमान १५६ दिवसांची वर्गणी ही अट आहे. १९७० च्या दशकातल्या परमनंट कामगाराला ती जड नव्हती. पण कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराला सात-आठ महिने झाले की ‘ब्रेक’ मिळतो, म्हणजे २४० दिवस भरू नयेत म्हणून घरी बसवतात, आणि मग दुसऱ्या ठेकेदाराकडे नवीन गेट पास. सलग दोन वर्षे कागदावर जमतच नाहीत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेला अप्रेंटिस तर विम्याच्या व्याख्येतच बसत नाही. थोडक्यात, आजार ज्या वयात पहिल्यांदा येतो त्या वयातल्या कामगारालाच हा लाभ सर्वांत कमी मिळतो. योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यापुढे चाळिशीचा क्षयरोगी होता, विशीतला उन्मादी नव्हता.

१९९९ मध्ये बजाजचा कारखाना चाकणला सुरू झाला. पुढे २०१० पर्यंत फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि महिंद्रा आले. पिंपरीत वसाहती होत्या, एचए कॉलनी होती, कामगार कुटुंबासह राहत होता. चाकणच्या नव्या पिढीच्या वाट्याला आली कॉट बेसिसवरची खोली: दहा बाय बाराच्या खोलीत चार-पाच जण, पाळ्या वेगवेगळ्या, जेवण खानावळीत. उन्माद ओळखण्याचे काम जगात सर्वत्र घरचे माणूस करते, कारण रुग्णाला स्वतःला तो कळत नाही. त्याला कधी नव्हे इतके बरे वाटत असते. खोलीतल्या जोडीदाराला हा मुळात कसा होता हेच ठाऊक नसते. गावाकडे बातमी पोचते ती बहुधा कर्ज झाल्यावर, मारामारी झाल्यावर किंवा पोरगा न सांगता काम सोडून गेल्यावर. यात दारू मिसळली की निदान आणखी लांबते. पुण्याने व्यसनमुक्तीसाठी १९८६ मध्ये मुक्तांगण उभे केले तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच, अनिल आणि सुनंदा अवचट यांच्या पुढाकाराने. सुनंदा तिथल्या मनोविकारतज्ज्ञ होत्या.

कायदे बदलत गेले. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने १९१२ चा कायदा बाद केला, पण तो अमलात आला १९९३ मध्ये. तमिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडात बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मरण पावले, तेव्हा देशाला बेड्यांची दखल घ्यावी लागली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडाला बंदी केली, भूल न देता विजेचे झटके देणे थांबवले, अठरा वर्षांखालील मुलांना प्रौढांपासून वेगळे ठेवणे बंधनकारक केले आणि विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांइतकाच धरायला सांगितले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘वाजवी सोय’ हा शब्द आहे. या आजारात त्याचा सरळ अर्थ रात्रपाळीतून सूट असा करता येतो. मात्र ती मागायची तर आजाराचे नाव लिहून द्यावे लागते, आणि कॉन्ट्रॅक्टवाल्याने ते कुठे लिहावे?

देशात किती जणांना हा आजार आहे याचा अंदाज २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दिला: प्रौढांत ०.३ टक्के, आणि त्यातल्या दर दहांपैकी सुमारे सात जणांना उपचार नाहीत. सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’चा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला आणि तो चोवीस तास चालतो, म्हणजे थर्ड शिफ्टच्या चहाच्या सुट्टीतही लागतो.

दवाखान्यातल्या रोजच्या कामातही पाळी आडवी येतेच. लिथियमच्या पातळीसाठी रक्त घ्यायचे ते शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला सुई, हा सगळ्या पुस्तकांतला हिशेब दिवसा काम करणाऱ्यासाठी आहे. ज्याची पाळी दर आठवड्याला फिरते त्याला गोळीची वेळ, झोपेची वेळ आणि प्रयोगशाळेची वेळ दर सोमवारी नव्याने जुळवावी लागते.