सव्वादोनशे वर्षांची वाट

श्रोतेहो, आमच्या नेवाशाकडे मासळी खाताना घशात काटा अडकला, की वडीलधारी माणसे हमखास सांगतात, ‘कोरड्या भाकरीचा घास गिळ, जाईल खाली.’ पुष्कळदा जातोही. पण एखादे वेळी तोच काटा अन्ननलिकेला भोक पाडतो आणि जिवावर बेतते. फुटलेल्या अन्ननलिकेवर माणसाने इलाज कसा शोधला, त्याची ही हकिकत.

१७२३ साली हॉलंडात वासनार नावाचा एक मोठा आरमारी अधिकारी होता. जेवण अंगावर आले म्हणून त्याने ओकारीचे औषध घेतले. जोराची उबळ आली आणि छातीत भयंकर कळ उठली. लायडनचे नामांकित वैद्य बुरहावे यांना बोलावले. पण त्यांनाही उलगडा होईना. रोगी गेला. शव उघडले तेव्हा अन्ननलिका फाटलेली, खाल्लेले-प्यालेले सारे छातीत उतरलेले, आणि खाल्लेल्या बदकाचा वासही तिथेच! बुरहावे यांनी १७२४ मध्ये हे सारे सविस्तर लिहून प्रसिद्ध केले.

म्हणजे निदान झाले, पण मेल्यावर. जिवंत माणसाची छाती उघडावी, तर फुप्फुस मिटून जाई. पुढे १८४६ साली ईथरची भूल आली, १८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, फुप्फुस फुगते ठेवण्याची युक्ती साधली, पेनिसिलिन हाती आले. तेव्हा कुठे १९४७ साली लंडनचे सर्जन बॅरेट यांनी अशी फाटलेली नलिका शिवून रोगी वाचवला. मधे २२३ वर्षे गेली!

आज रोग्याला विशिष्ट द्रव पाजून क्ष-किरण चित्र घेतात किंवा सीटी स्कॅन करतात. द्रव नळीबाहेर झिरपला की भोक कुठे आहे ते कळते. मग छाती धुऊन काढतात, फाटलेले शिवतात, घाण वाहून जायला नळी ठेवतात. लहान भोक कधी शस्त्रक्रियेवाचूनही भरते. पण पहिले चोवीस तास मोलाचे. उशीर झाला की छातीत पू होतो, आणि शिवलेलेही टिकत नाही.

म्हणून गुरुजनहो, मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना एवढे जरूर सांगा. काटा अडकला तर वर घास ढकलू नका. काटा गिळल्यावर किंवा जोराच्या ओकारीनंतर छातीत कळ आली, ताप चढला, धाप लागली, मानेची कातडी दाबल्यावर कुरकुरली, तर ‘गॅस असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नका. खायला-प्यायला काही न देता तडक मोठे इस्पितळ गाठा. सव्वादोनशे वर्षे वाट पाहून मिळालेला इलाज आपण एका रात्रीच्या हयगयीने घालवू नये.