कोलॅजन पूरके
त्वचा, केस, नखे व आतडी यांच्या आरोग्यासाठी घेतली जाणारी प्रथिनयुक्त चूर्णे, गोळ्या वा पेये. गुरांची कातडी, माशांची त्वचा व खवले यांतील कोलॅजन या प्रथिनाचे जलविच्छेदन करून ती बनवतात. त्यामुळे ती शाकाहारी नसतात. खाल्लेले कोलॅजन थेट त्वचेत जाऊन बसत नाही. पचनात त्याची ॲमिनो आम्ले व लहान पेप्टाइडे होतात. काही चाचण्यांत ८ ते १२ आठवड्यांनी त्वचेचा ओलावा व लवचिकता वाढलेली दिसली. मात्र यांतील अनेक चाचण्यांचा खर्च उत्पादकांनीच उचललेला असल्याने निष्कर्ष जपून घ्यावेत. केस व नखे मुख्यतः केराटिन या दुसऱ्या प्रथिनाची बनलेली असतात. त्यांच्याबाबत आणि आतड्यांबाबतही पुरावा तोकडा आहे. शरीरात कोलॅजन घडण्यास लागणारे क जीवनसत्त्व आवळा, पेरू यांतून मिळते.