कार्ताहेनाचे नाट्यगृह: वापरात राहिले म्हणून विसरले गेले

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरील कार्ताहेना या बंदरात 1988 साली एका हस्तकला केंद्रासाठी जागा मोकळी करण्याचे काम सुरू झाले. जागा शहराच्या सर्वांत जुन्या भागातील असल्याने बांधकामापूर्वी उत्खनन करणे आवश्यक होते. रोमन अवशेष मिळतील अशी अपेक्षा होतीच, पण पुढच्या काही वर्षांत जे उलगडले ते अनपेक्षित होते. तेथे सुमारे सहा ते सात हजार प्रेक्षक बसू शकतील असे रोमन नाट्यगृह होते. भर वस्तीत, टेकडीच्या उतारावर एवढी प्रचंड वास्तू असूनही शहराला तिचा मागमूस नव्हता.

ओसाड पडलेली वास्तू सहसा डोळ्यांत भरते. हे नाट्यगृह दिसेनासे झाले, कारण ही जागा माणसांनी कधी फार काळ मोकळी सोडलीच नाही.

मूळचे हे कार्थेजचे ठाणे. इ.स.पू. 209 मध्ये स्किपिओने ते रोमसाठी जिंकले आणि त्याचे नाव कार्थागो नोव्हा झाले. आसपासच्या डोंगरांत चांदी होती. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या सांगण्याप्रमाणे येथील खाणींत चाळीस हजार माणसे राबत. या संपन्न बंदरात इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत नाट्यगृह उभे राहिले. ते ऑगस्टसच्या गायस आणि लुशियस या नातवांना अर्पण केलेले होते. सम्राटाने दोघांनाही दत्तक घेतले होते, तेच पुढचे वारस मानले जात. दोघेही तरुणपणीच वारले. शिलालेखांतील त्यांच्या नावांमुळे वास्तूचा काळ मात्र थोडक्या वर्षांच्या मर्यादेत ठरवता आला. नाटक पाहायला आलेल्या प्रत्येकाला सत्ता उद्या कोणाकडे जाणार हे येथे दगडात वाचायला मिळत असे.

बांधणीतही शहाणपण होते. आसनांच्या पायऱ्यांचा बराच भाग टेकडीचा खडक कोरून केलेला, म्हणजे भरभक्कम पाया निसर्गानेच दिलेला. रंगमंचामागील भिंतीला गुलाबी ट्रॅव्हर्टाइनचे स्तंभ आणि त्यांवर इटलीहून आणलेल्या पांढऱ्या संगमरवराची शीर्षे. रोमन नाट्यगृहांची आखणी वर्तुळावर आधारलेली असते. व्हिट्रुव्हियसने आपल्या ग्रंथात ती रीत सांगितली आहे. त्यामुळे वक्र पायऱ्यांचा एखादा तुकडा हाती आला तरी वर्तुळाचे केंद्र काढता येते आणि उरलेली वास्तू कोठे असावी याचा अंदाज बांधता येतो. शाळेतली भूमिती अशा वेळी कुदळीच्या पुढे चालते.

पुढे रंगमंचाची इमारत आगीत सापडली, कोसळली आणि नाटके थांबली. पाचव्या शतकात त्या ढिगाऱ्यावर बाजार उभा राहिला. त्याची दुकाने जुन्या वाद्यवृंदस्थळाच्या अर्धवर्तुळाला धरूनच बांधलेली होती, आणि त्यांत जुने स्तंभ व दगड सर्रास वापरले होते. हा बाजार प्रथम बायझंटाइन काळातला समजला गेला होता, पुढील अभ्यासाने तो आणखी मागे नेला. बायझंटाइनांची वस्ती आली ती सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बाजाराच्याही वर. मग मुस्लिम काळातील घरे. तेराव्या शतकात कॅस्टिलने शहर घेतल्यावर वरच्या पायऱ्यांवरच सांता मारिया चर्च बांधले गेले. आधुनिक काळात उतारावर गरिबांची दाटीची घरे होती. स्पेनच्या यादवी युद्धात चर्च उद्ध्वस्त झाले, ते आजही भग्नच आहे.

माझ्या मते खरा पेच यापुढे आहे. नाट्यगृह दिसायचे तर त्यावरचे काढावे लागणार. घरे पाडली गेली, नंतरच्या शतकांतील बरेचसे बांधकाम मोजून, नोंदवून उतरवले गेले. उत्खनन हा असा प्रयोग आहे जो दुसऱ्यांदा करता येत नाही. काढलेला थर उरतो तो केवळ वह्यांत, नकाशांत आणि संग्रहालयाच्या कपाटांत. गंमत अशी की ज्या बाजारवाल्यांनी रंगमंचाचे दगड पळवले असे आपण म्हणू, त्यांच्याच भिंतींत ते दगड सुखरूप राहिले आणि तेथूनच परत मिळाले.

आपल्याकडे नागार्जुनकोंडा येथे असा निर्णय धरणाच्या पाण्याने घाईने घ्यायला लावला. 1954 ते 1960 या काळात तेथे उत्खनन झाले आणि प्रेक्षकांसाठी पायऱ्या असलेले तेथील क्रीडागार जलाशयाकाठी अनुपु येथे पुन्हा रचण्यात आले. कार्ताहेनात वेळ होता. तेथे वास्तुविशारद राफाएल मोनेओ यांनी आखलेले संग्रहालय 2008 साली उघडले. प्रवेश नगरपालिकेच्या चौकातील एका जुन्या प्रासादातून होतो. दालने पाहत पाहुणा वर चढतो, भग्न चर्चच्या खालून जाणारा एक मार्ग ओलांडतो आणि अचानक उजेडात, पायऱ्यांच्या वरच्या बाजूस येतो. समोर रंगमंच, मागे चर्चच्या भिंती. त्या भिंतींना हात लावलेला नाही. त्यांच्याखालच्या पायऱ्या अजून तशाच आहेत.